चार वाजताचा कॉल

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा ग्रुप एरवी वाढदिवस आणि गुडघेदुखी यांवरच चालतो. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रिया सुळे यांनी ऑफिसची वेळ संपल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत पुन्हा मांडलं. पहिल्यांदा त्यांनी ते २०१८ मध्ये मांडलं होतं. या वेळी ग्रुप पेटला. हिंजवडीत डिलिव्हरी हेड असलेल्या आमच्या मित्रानं लिहिलं, "असले लाड जर्मनीला परवडतात, आपल्याला नाही. आजची पोरं तशीही टिकत नाहीत. आपण रात्र रात्र बसलो, मेलो का?" खाली बारा अंगठे.

'मेलो का' हे दोन शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. जुलै २०२४ मध्ये पुण्यातच, नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र याच ग्रुपवर आलं होतं, आणि तेव्हा सगळ्यांनी हात जोडले होते. दीड वर्षात विसरलो?

आणि 'लाड' कसले? मी हिंजवडीत सहा वर्षं काढली, नंतर २०१२ पासून जर्मनीत श्टुटगार्टला आहे, त्यामुळे दोन्हीकडचं अंगावर घेतलेलं आहे. २०१० मध्ये बाबांना मिरजेच्या हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं होतं. मॅनेजरनं रजा लगेच दिली. आवाजात खरी काळजी होती, "काही लागलं तर सांग, आपण सगळे एक कुटुंब आहोत" असंही म्हणाला. आणि जाता जाता, "लॅपटॉप मात्र बरोबर ठेव." आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकावर, डेटा कार्ड लावून, मी दोन रात्री सॉफ्टवेअरचा रिलीज सांभाळला. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या वडिलांनी दोनदा हाक मारली." मी हेडफोन लावलेले होते. बाबा त्या वेळी वाचले. पण त्या दोन हाका माझ्या हिशेबात कायमच्या राहिल्या. सहा महिन्यांनी मी राजीनामा दिला, तेव्हा तोच मॅनेजर मनापासून दुखावला होता. "तुला काय कमी केलं आम्ही?" असं त्यानं विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

इथली गोष्ट २०१९ ची. झोप उडाली होती, साधी मेल तीनदा वाचावी लागायची. घराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी दोन आठवड्यांचं क्रांकश्राइबुंग, म्हणजे आजारपणाच्या रजेचं सर्टिफिकेट दिलं, मग वाढवलं, एकूण नऊ आठवडे झाले. पहिल्या दिवशी मी गटप्रमुखाला चावी-कार्ड द्यायला गेले आणि सवयीनं म्हणाले, "मेल बघत राहीन." तो उठला, माझ्या हातातला लॅपटॉप घेतला, स्वतःच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. म्हणाला, "तुझं काम कोण करेल हे बघणं हे माझं काम आहे." मग त्यानं फळ्यावरून तीन कामं पुसली, दोन वाटून दिली आणि ग्राहकाला स्वतः फोन करून रिलीज तीन आठवडे पुढे ढकलला. सहा आठवडे पूर्ण पगार कंपनीनं दिला, पुढे आजारपणाचा भत्ता क्रांकनकासेनं, म्हणजे आरोग्य विमा संस्थेनं. परतले तेव्हा हॅम्बर्ग मॉडेलवर, म्हणजे तास हळूहळू वाढवत, आधी रोज तीन तास, मग पाच. त्यानंतर मला दोनदा जास्त पगाराची ऑफर आली आणि मी जागची हलले नाही. हा माणूस कधी गोड बोलला नाही, कुटुंब वगैरे शब्द त्यानं तोंडातून काढला नाही.

मित्रा, माणूस टिकतो तो यानं. टाउनहॉलमध्ये योगासनं, डेस्कवर कुंडी, मोफत समुपदेशनाचा हेल्पलाइन नंबर, हे वाईट नाही, पण ते फळ्यावरचं एकही काम पुसत नाही. पुसण्याचा अधिकार फक्त वरच्या माणसाकडे असतो. तो वापरायचा म्हणजे ग्राहकाला 'नाही' म्हणायची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. ते जमत नसलं की मग नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, काउंटर ऑफर, रिटेन्शन बोनस, आणि शेवटी 'आजची पोरं'. (नोटीस माझ्याही करारात तीन महिन्यांचीच आहे, हे कबूल करते. पण इथे ती पायातली बेडी वाटत नाही.)

तिकडे भारतात चर्चा मात्र तासांचीच. नारायण मूर्ती २०२३ मध्ये आठवड्याला सत्तर म्हणाले, एल अँड टीचे सुब्रह्मण्यन यांचे नव्वद तास जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांनी ऐकले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं दुकानं-आस्थापनांतली रोजची मर्यादा नऊवरून दहा तास आणि कारखान्यांतली नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. ज्या चाकणमध्ये फोक्सवॅगनचा कारखाना आहे, तिथून शिफ्ट संपवून तळेगावपर्यंत जायलाच किती वेळ लागतो, हे मंजुरी देणाऱ्यांनी एकदा दुचाकीवरून बघावं. त्याच फोक्सवॅगननं २०११ मध्ये इकडे जर्मनीत बेट्रीब्सराटबरोबर, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या समितीबरोबर करार करून, शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासानं कर्मचाऱ्यांच्या कंपनीच्या फोनवर मेल जाणं बंद केलं. सुळेताई मागतात तसा वेगळा कायदा जर्मनीत नाहीच, फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. इथे कामाच्या दोन दिवसांच्या मध्ये अकरा तास विश्रांतीचा जुना नियम आहे, आणि तो पाळला जातो, कारण तो मोडला तर बेट्रीब्सराट दारात उभी राहते.

इथेही सूर बदलतोय, हे मला ठाऊक आहे. मे २०२५ मध्ये चान्सलर मेर्त्स म्हणाले की चार दिवसांचा आठवडा आणि 'वर्क-लाइफ बॅलन्स' यांवर देशाची समृद्धी टिकणार नाही. कँटीनमध्ये त्यावर भांडणं झाली. ग्रुपवर कुणी तो व्हिडिओ टाकला नाही म्हणून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं होतं. पाठवलं नाही.

कारण माझी टीम अर्धी इथे श्टुटगार्टच्या फायहिंगनला बसते आणि अर्धी पुण्यात. रोजचा कॉल कित्येक वर्षं इथल्या चारला होता. हिवाळ्यात पुण्यात तेव्हा साडेआठ वाजतात. इथल्या एकाही सहकाऱ्याला रात्री साडेआठला बोलवायचं माझ्या मनातही आलं नसतं. पुण्यातल्या सहा जणांना मी रोज बोलवत होते, आणि पाचच्या एस-बाननं, म्हणजे लोकलनं, घरी जात होते. एकदा पडद्यावर आमच्या टेस्ट लीडची मुलगी येऊन हळूच म्हणाली, "बाबा, वरण गार झालं." सगळे हसले, मीही हसले आणि पुढचा मुद्दा घेतला.

गेल्या वर्षी त्यानं राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं 'वैयक्तिक'. मी फोन केला, वेळ बदलायला का सांगितलं नाहीस म्हणून विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला नाही कसं म्हणणार? जर्मन मॅनेजर असता तर म्हणालो असतो."

मिरजेच्या बाकावर मलाही अगदी हेच वाटलं होतं. आपल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि वरचा ते ओळखून असतो. मी तर ओळखून होते. पुण्याची टीम 'आपली' म्हणून मी तिच्याकडे हक्कानं मागत होते, आणि त्याला आपलेपणा म्हणत होते.

कॉल आता सकाळी साडेनऊला असतो, हिवाळ्यात पुण्यात तेव्हा दुपारचे दोन. संध्याकाळचं काही लागलं तर मी त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या यादीत लिहून ठेवते, ग्राहक कुरकुरतो, ते मी ऐकून घेते. त्यानंतर टीममधून अजून कुणी गेलेलं नाही.

पण वेळ बदलायला मला इतकी वर्षं का लागली, याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. चारच्या कॉलला जर्मन सहकारी पाच-दहा मिनिटं उशिरा यायचे, आणि तोवर आम्ही मराठीत बोलायचो. कुणाकडे गौरी बसल्या, खडकवासला भरलं का, मेट्रोचं काम कुठवर आलं. घरी लेक जर्मनमध्ये उत्तर देते, नवरा दमून येतो. दिवसभरातलं माझं मराठी तेवढंच असायचं. सहा माणसांची संध्याकाळ अडवून मी ते मिळवत होते.

साडेनऊला सगळे वेळेवर येतात. इंग्लिशमध्ये बोलतो, वीस मिनिटांत संपतं. नवीन टेस्ट लीड येऊन चार महिने झाले. आडनावावरून कोल्हापूरकडचा असावा असं वाटतं. अजून विचारलेलं नाही.