चार बाय पाचचा वाटा

बांगड्याचा वाटा घेताना कल्ले उचलून बघता येतात. लाल असले तर आजचा, फिकट असले तर कालचा. कॅमेऱ्याच्या शीट फिल्मला ही सोय नाही. डबा उघडून माल बघितला की बघितल्याक्षणी तो बाद. मालवणच्या बाजारात पाच रुपयांसाठी दहा मिनिटं वाद घालणारा मी, फिल्म मात्र न बघता घेतो, न बघता डब्यातून काढतो, न बघता कॅमेऱ्यात सरकवायच्या होल्डरमध्ये भरतो. पैसे तेवढे डोळे उघडे ठेवून मोजावे लागतात.

ज्यांना हा रोग जडलेला नाही त्यांच्यासाठी: लार्ज फॉरमॅट कॅमेरा म्हणजे पुढं भिंग, मागं दुधी काच, मधे भाता आणि आपल्या डोक्यावर काळं कापड. रोल नाही. चार बाय पाच इंचाच्या एका शीटवर एकच फोटो, एका होल्डरच्या दोन बाजूंना दोन शीट. ट्रायपॉड मांडून कापडात शिरलं की पाच मिनिटांत मागून आवाज येतोच, "मोजणी कसली ही? हायवे हयसून जातलो काय?" आठ बाय दहाची एक शीट म्हणजे चार बाय पाचच्या चार, आणि छत्तीस फोटोंच्या एका रोलचं क्षेत्रफळही साधारण तेवढंच. छत्तीसदा चुकायची मुभा ज्या मालात मिळायची, त्यात आता चारदाच चुकायचं.

म्हणून स्वस्त फिल्म शोधायची. आणि इथं पहिला घोटाळा डब्याचाच. फोमाच्या चार बाय पाचच्या डब्यात ५० शीट, इल्फर्डच्या नेहमीच्या डब्यात २५, कोडॅक टी-मॅक्सचा छोटा डबा तर १० शीटचा. नवखा माणूस किमतीच्या आकड्याकडं बघतो आणि दहाचा डबा स्वस्त समजून घेऊन येतो. आधी भागाकार करावा. भाजक म्हणून डब्यावरचा आकडा नको, त्यातून हातून वाया जाणाऱ्या शीट वजा कराव्यात. सुरुवातीला दहांतल्या तीन तरी धरा. भाज्यात कुरियर, आयात शुल्क आणि जीएसटी मिळवायला विसरू नये. येणारं उत्तर घरात मोठ्यानं वाचू नये.

माझा भागाकार बहुतेक वेळा फोमापॅन १०० वर येऊन थांबतो. चेक देशातल्या ह्रादेत्स क्रालोवे गावची ही कंपनी १९२१ पासूनची. शीटची जाडी ०.१७५ मिलिमीटर, पॉलिएस्टरची, होल्डरमध्ये सरळ सरकते. डब्यावर वेग, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती चटकन जागते याचा आकडा, १०० लिहिलेला असतो, मी ५० धरतो. तिच्याच मोठ्या भावंडाच्या, फोमापॅन ४०० च्या डब्यावर ४०० असतं, सावलीत तपशील हवा असेल तर २०० ते २५० धरा. पेटीवर ‘देवगड हापूस’ लिहिलंय म्हणून आतला प्रत्येक आंबा देवगडचा असतो असं आपण मानतो का? तसंच हे.

फोमाची खरी खोड वेगळी आहे. प्रकाश कमी झाला की ती सुस्तावते. सगळ्याच फिल्म थोड्याफार सुस्तावतात, पण फोमा दुपारच्या जेवणानंतरच्या कोकणी माणसासारखी. तिच्याच तक्त्याप्रमाणे प्रकाश मोजणाऱ्या मीटरनं १ सेकंद सांगितला तर २ द्यायचे, १० सांगितले तर ८०, आणि १०० सांगितले तर सोळा पट, म्हणजे २६ मिनिटं ४० सेकंद. इल्फर्डच्या एफपी४ या फिल्मला तेच १० सेकंद १८ वर भागतात. संध्याकाळी सुरूच्या बनात मीटर १० दाखवतं आणि मी ८० मोजत उभा राहतो. हाताशी घड्याळ, पायाशी डास, आणि शटरची केबल धरलेली असल्यामुळं मारायला एकच हात मोकळा. पण ज्याला गैरसोय म्हणतात ती समुद्रावर बचत ठरते. सिंधुदुर्गाच्या तटाखाली लाटांचं धुकं करायचं तर इतर फिल्मवाले प्रकाश अडवून वेळ लांबवणारा काळा एनडी फिल्टर विकत घेतात. फोमावाल्याला तो खर्च नाही, फक्त दिवस मावळायची वाट बघायची. वेळ हा एवढाच माल आमच्याकडं अजून स्वस्त आहे.

वारा सुटला की मात्र हिशेब फिरतो. भिंगाचं छिद्र एफ २२ वर असताना ५० धरलेल्या फोमाला १/८ सेकंद लागत असेल तिथं इल्फर्डच्या ४०० वेगाच्या एचपी५ ला १/६० पुरतो. १/८ ला माडाच्या झावळ्या म्हणजे केरसुणीचे फटकारे. तीन शीट अशा घालवल्या की त्यांच्या पैशात इल्फर्डची एक नीट शीट आली असती, हे गणित घरी आल्यावर सुचतं. म्हणून वाऱ्यासाठी आणि माणसांच्या फोटोंसाठी एचपी५ चा एक डबा बाजूला, पाहुण्यांच्या कपबशांसारखा.

याहून स्वस्त हवं असेल त्यांना शेवटी एक्स-रे फिल्मची वाट धरावी लागते. शीटमागे खर्च सगळ्यांत कमी, आकार आठ बाय दहा, आणि दुकान ओळखीचं. फक्त दुकानदार मान वर न करता विचारतो, "कोणाचो हात मोडलो?" कोणाचाही नाही, फोटो काढायचेत, म्हटलं की मान वर येते. "मगे डॉक्टरांक कळवलंस काय?"

या दुकानात एक प्रश्न न चुकता विचारायचा: ओल्या प्रोसेसिंगची आहे ना? आता बहुतेक ठिकाणी एक्स-रे संगणकावर येतो आणि कोरड्या प्रिंटरच्या फिल्मवर छापला जातो. ती फिल्म उष्णतेनं काळी होते, चित्र उमटवणाऱ्या आपल्या डेव्हलपरला ती ओळखसुद्धा दाखवत नाही. डबा दिसायला तसाच, आकार तोच, दुकानदाराच्या मते ‘फिल्म ती फिल्मच’. आपल्याला हवी ती हिरव्या प्रकाशाला जागणारी, जुन्या पद्धतीची, डेव्हलपर-हायपोत धुवायची.

ती मिळाली की कापणं आलं. आठ बाय दहाचे बरोबर चार तुकडे केले की ते चार बाय पाचच्या होल्डरमध्ये जात नाहीत, कारण चार बाय पाच म्हणवणारी फिल्म प्रत्यक्षात साधारण १०० बाय १२५ मिलिमीटर असते. लांबीतून आणि रुंदीतून दीड-दोन मिलिमीटर छाटावे लागतात. हे सगळं लाल दिव्यात करता येतं, हा हिचा मोठा गुण. पण लाल म्हणजे देव्हाऱ्यातला रंग फासलेला झिरोचा बल्ब नव्हे. त्या रंगातून हवा तो आणि नको तोही प्रकाश येतो. चाचणी सोपी आहे: फिल्मच्या तुकड्यावर दोन रुपयांचं नाणं ठेवायचं, दिवा लावून पाच मिनिटं थांबायचं, मग डेव्हलप करायचं. नाण्याचा गोल उमटला तर दिवा परत देव्हाऱ्यात.

दुसरी भानगड, या फिल्मला दोन्ही बाजूंना इमल्शनचा, म्हणजे प्रकाश टिपणारा, थर असतो. साधी फिल्म एका अंगावर निजते, हिला निजायला अंगच नाही. ट्रेच्या खरबरीत तळाला लागली की खालच्या बाजूनं मांजरानं ओरबाडल्यासारखे ओरखडे. तळाशी गुळगुळीत काच ठेवावी, एका वेळी एकच शीट घ्यावी, नखं कापावीत. रोडिनल हा डेव्हलपर १:१०० पातळ करून त्यात २० अंशाला सहा ते आठ मिनिटं पुरतात. डेव्हलपर जास्त तीव्र केला की काळं आणि पांढरं एवढंच उरतं, मधलं सगळं गायब.

आणि रंग. ही फिल्म लाल रंगाला आंधळी, आणि कोकण तर अर्धं लाल. जांभ्याचं कुंपण काळं येतं, कौलं काळी, आंब्याची कोवळी तांबूस पालवी काळी, उन्हात रापलेल्या खलाशाचा चेहरा चार छटा गडद. आभाळ मात्र पांढरं फटक. नारिंगी फिल्टर लावून आभाळ गडद करू म्हणाल तर फिल्मपर्यंत प्रकाशच पोचत नाही. दिवसा मी हिला ८० धरतो. सूर्यास्ताच्या वेळी मीटर तांबडा प्रकाश मोजून खूश असतं, फिल्मला त्यातलं फारसं दिसतच नाही, तेव्हा निदान दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश, वाढवावे. काळ्याभोर जांभ्याचं जुनं घर मला आवडतं, हे कबूल करतो. खलाशी फोटो बघून काही बोलत नाही.

फुकट मिळणारी फिल्म हा आणखी एक मोह. बंद पडलेल्या स्टुडिओच्या पत्र्याच्या पेटीत उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’चा डबा निघतो, डोळ्यांत पाणी येतं. वीस-तीस पावसाळे कोकणातल्या माळ्यावर काढलेली फिल्म मी डेव्हलप करत नाही, दर्शन घेतो. त्यात ती बहुधा फुल प्लेटची, साडेसहा बाय साडेआठ. होल्डरही शोधा मग.

डबा आला की तो ठेवायचा कुठं, हा गृहकलहाचा विषय. आमच्याकडची हवा फिल्मला बुरशीसकट पाळते, त्यामुळं जागा फ्रीजर. तिथं सुरमई आधीपासून राहते. डबा दोन झिपच्या पिशव्यांत घालायचा, आणि वर ‘उघडू नये’ असं मुळीच लिहायचं नाही, त्यानं उघडायची इच्छा होते. मी ‘कारल्याचा रस’ लिहितो. काढल्यावर पिशवीसकट बाहेर ठेवायचा, चार तास तरी, पावसाळ्यात रात्रभर. घाई केली की गार शीटवर दव धरतं आणि दोन शीट पोळ्यांसारख्या चिकटतात.

होल्डर भरायला काळाकुट्ट अंधार लागतो. तो वीज गेल्यावर आपोआप मिळतो, पण कौलांतल्या काचेच्या कौलातून चांदणं येतं. ते आधी झाका. उभी शीट हातात धरून कोपऱ्यातली खाच वर उजवीकडे लागली की इमल्शन आपल्याकडं आहे. होल्डरच्या सरकत्या झाकणाची, डार्क स्लाइडची, पांढरी बाजू बाहेर म्हणजे कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो काढून झालेली. मे महिन्यात फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत हात घालून भरू नये. मनगटावरून घामाचा थेंब कुठं जातो हे अंधारात कळत नाही, निगेटिव्हवर मात्र तो बेटासारखा दिसतो.

राहिलं पाणी. डेव्हलप करायचे सगळे तक्ते २० अंशांचे आणि आमची विहीर मे महिन्यात २८ ची. दर अंशाला वेळ साधारण दहा टक्के कमी करायची, म्हणजे २० अंशाची दहा मिनिटं २४ ला साडेसहा होतात, २८ ला सव्वाचार. पाच मिनिटांच्या खाली आलं की डाग पडतात, आणि फोमाचं ओलं इमल्शन त्या उकाड्यात नखाला लागलं तरी सुटतं. म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून २४ पर्यंत आणायचा. बर्फ परातीत, डेव्हलपरमध्ये नाही. निगेटिव्ह पक्की करणाऱ्या फिक्सरमध्ये तुरटी घातली की इमल्शन टणक होतं. एफ-५ हे फिक्सरचं जुनं मिश्रण त्यासाठीच आहे: एका लिटरला हायपो २४० ग्रॅम, सोडियम सल्फाइट १५, बोरिक ॲसिड साडेसात, तुरटी १५, आणि २८ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड ४८ मिलिलिटर. सल्फाइट ॲसिडच्या आधी विरघळायला हवं, क्रम चुकला की द्रावणाचं ताक होतं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, बॅटरीवाल्याकडं मिळतं ते. विहिरीच्या पाण्याचे थेंब सुकले की आभाळात नसलेले ढग दिसतात.

एवढं सगळं करून सध्याची मांडणी अशी: सरावाला एक्स-रे, रोजला फोमा १००, वाऱ्याला एचपी५. फोमा गणपतीला येणाऱ्या पुतण्याकडून मुंबईहून मागवायची. त्याला फोनवर बजावून झालंय की डबा गाडीच्या डिकीत तापू देऊ नकोस, आपल्या पायाशी गार हवेत ठेव. पोरगा व्यवहाराला चोख. म्हणाला, "काका, काळजी करू नका. पन्नासच्या पन्नास आहेत ना, ते दुकानातच उघडून मोजून घेतो."