सावली गाड्यांना, ऊन पोरींना

काल दुपारी अडीच वाजता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूची आठ घरं पाईप लावून धुतली गेली. ठिकरी खेळायला मोठीने आखली होती. गुलाबी खडू, आणि आठव्या घरात एक मांजर, कारण धाकटीचं म्हणणं पडलं की शेवटच्या घरात कुणीतरी राहायला पाहिजे. मांजराला मिशा काढून होताहोताच वॉचमनमामा पाईप ओढत आले. "साहेब, रागावू नका, मला वरून सांगितलंय." आणि सुरू झालं पाणी. एप्रिल संपत आलाय, रोज तीन टँकर येतायत, सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी 'पाणी जपून वापरा' पडतं, हात जोडलेल्या चित्रासकट. ते पाणी. खडू पुसायला!

धाकटी चार वर्षांची. तिला वाटलं परत रंगपंचमी आली, ती नाचायला लागली. मोठी सात वर्षांची, तिला बरोबर कळलं. काही बोलली नाही. खडूचा तुकडा मुठीत धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि मी, ऑफिसच्या कॉलवर भल्याभल्यांना ऐकवणारा मी, "जाऊ दे गं, वर जाऊन कैरी खाऊ" असलं काहीतरी पुटपुटलो. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. रात्रभर झोप नाही, सकाळी चहा गोड लागला नाही, म्हणून इथे ओकतोय.

आधी परिस्थिती सांगतो. माझी शिफ्ट संध्याकाळी सहाला सुरू होते, घरूनच. बायको सकाळी साडेआठला बँकेत जाते. म्हणजे शाळेला सुट्टी लागली की दिवसभर दोन पोरी आणि मी. मला यात काही वावगं वाटत नाही, उलट मजा येते. वेण्या घालायला शिकलोय (मोठीच्या मते "बऱ्या" येतात). पन्हं करतो, गूळ कधी जास्त होतो. दुपारी बदाम सात खेळतो. त्यात धाकटी पत्ते फ्रॉकच्या खिशात लपवते आणि आम्ही दोघं ते न पाहिल्यासारखं करतो. वाईट चाललंय असं अजिबात नाही. वाईट एवढंच, की दुपारी एक ते पाच आम्ही जायचं कुठे?

घर सातव्या मजल्यावर, सगळ्यात वरचं, पश्चिमेला तोंड. घेताना एजंट म्हणाला होता "सनसेट दिसतो". दिसतो की! दुपारी दोनपासूनच दिसायला लागतो. स्लॅब असा तापतो की पंखा लावला की वरून भट्टीचा झोत येतो, भिंतीला पाठ टेकवत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. एसी एका खोलीत आहे. "मग तिथे बसवा ना मुलींना." हे ज्याला सुचतं त्याने दोन पोरींना दहा बाय दहाच्या खोलीत चार तास बसवून दाखवावं, मी त्याचे पाय धुऊन पाणी पितो. पुण्याची हवा थंड, हे आता पाहुण्यांना सांगण्यापुरतं उरलंय. २०१९ च्या एप्रिलअखेरीस इथे पारा ४३ च्या घरात गेला होता. थोरली तेव्हा तान्ही होती, आम्ही ओले पंचे खिडकीला बांधून दिवस काढले.

आता म्हणाल, सोसायटीत गार्डन आहे ना? आहे. जाहिरातीत तर त्याचाच फोटो होता, घसरगुंडीवर हसणारी गोरी गोरी पोरं. ते गार्डन आहे पोडियमवर. म्हणजे खाली पार्किंग, त्याच्यावर स्लॅब, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर दीड-दोन फूट माती, आणि त्या मातीवर आमची मुलं. एवढ्याशा मातीत झाड वाढणार कसं? कडुलिंब, वड, चिंच यांची नावंच काढायची नाहीत, मुळं स्लॅबमध्ये जातात, खाली गळती होते, कुणाच्या तरी गाडीवर थेंब पडतात. म्हणून लावलेत शोभेचे पाम. पामची सावली केवढी? माझी धाकटी आडवी उभी राहिली तर तिच्या एका खांद्यावर येते तेवढी. जमिनीवर रबराच्या लाद्या, मुलांना लागू नये म्हणून. दुपारी त्यांच्यावर चप्पल काढून उभं राहून बघा. घसरगुंडीचा पत्रा तर असा तापतो की पोळी टाकली तर फुगेल.

आणि त्याच वेळी, बरोबर त्याच्याखाली, गार सावलीत, स्वच्छ पुसलेल्या कोब्यावर, मंद वाऱ्यात पहुडलेल्या असतात गाड्या. दीडशे-एक गाड्या. नीट विचार करा म्हणजे माझ्यासारखी तुमचीही सटकेल. आमच्या मुलांचं गार्डन हे गाड्यांचं छप्पर आहे. मुलांनी उन्हात तळायचं आणि खाली गाड्यांना थंडावा द्यायचा, अशी ही रचना. लोखंडाला ऊन लागू नये म्हणून पोरांचं मांस वर पसरलंय!

महापालिकेचं उद्यान दहा मिनिटांवर आहे, तिथे खरी झाडं आहेत, पिंपळ आहे, बाकं आहेत. दुपारी गेटला कुलूप. सावली आत, आपण बाहेर. एकदा धाकटी गजातून हात घालून पिंपळाचं पान घेऊन आली, तेवढीच आमची उद्यानाची सहल.

म्हणून खाली पार्किंगमध्ये येतो. आता मला कबूल आहे, गाड्यांच्या जागी मुलं म्हटलं की पोटात गोळा येतो, माझ्याही येतो. म्हणून मी स्वतः तिथे खुर्ची टाकून बसतो, फोन खिशात ठेवून. आणि मी मोजलंय. मंगळवारी एक ते चार, तीन तासांत हलली किती वाहनं? दोन. एक पार्सलवाल्याची स्कूटर आणि एक डॉक्टरांची गाडी, ती आम्हाला बघून चालण्याच्या वेगाने गेली, वर धाकटीला हात करून. बाकी सगळं पुणं झोपलेलं.

आमच्या ओळीतल्या कोपऱ्यात एक गाडी आहे. दिवाळीपासून जागची हललेली नाही. मालक परदेशात असतात. पुढचं एक चाक बसलंय, आरशापासून दारापर्यंत कोळ्याने जाळं विणलंय, आणि चंदेरी कव्हरवर रोज दुपारी एक बोका झोपतो. मधोमध, चारी पाय वर करून. त्या बोक्याला कुणी नोटीस दिलेली नाही. त्याने कव्हरवर पंजाने ओरखडे काढलेत, तेही चालतात. माझ्या पोरींचा प्लास्टिकचा चेंडू, जो फुंकर मारली तरी उडतो, तो त्या गाडीला 'लागला' म्हणून मला इंटरकॉमवर फोन आला होता. मोठीने मला विचारलं, "बाबा, तो बोका मेंबर आहे का?" काय उत्तर देणार!

मग मला अक्कल सुचली. म्हटलं माझीपण एक पार्किंगची जागा आहे ना, सोसायटीने मला दिलेली, मेंटेनन्ससोबत तिचे पैसे भरतो ना मी? अडीच मीटर बाय पाच मीटर. माझी गाडी काढली आणि बाहेर रस्त्यावर गुलमोहराखाली लावली. तापू दे, तिला घामोळं येत नाही. आणि त्या मोकळ्या जागेत चटई टाकली. पाण्याची बाटली, सागरगोटे, खडूची डबी, एक उशी. पोरींनी तर घरच थाटलं तिथे! पिवळ्या पट्ट्यांच्या बाहेर जायचं नाही, हा नियम त्यांनीच केला, आणि पाळला. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचा एक मुलगा आला, चौथ्या दिवशी आणखी दोघी. माझ्या आईने गावाकडून पाठवलेल्या चिंचेच्या गोळ्या सगळ्यांनी चोखल्या. पाच दिवस. फक्त पाच दिवस आमचं बरं चाललं होतं.

सहाव्या दिवशी लिफ्टमध्ये कागद. 'पार्किंगच्या जागेचा वापर फक्त वाहन उभे करण्यासाठीच करावा. लहान मुलांना पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई आहे. पालकांनी नोंद घ्यावी. आदेशावरून.' कुणाच्या आदेशावरून? सोसायटीत राजेशाही आहे का? सेक्रेटरींना गाठलं. माणूस तसा सभ्य, पण कागद हातात आला की बदलतो. "अहो, उद्या ॲक्सिडेंट झाला तर जबाबदार कोण?" म्हटलं मी, लिहून देतो, मी तिथेच बसलेलो असतो. "तसं लिहून घेता येत नाही." बरं, मग एक ते चार निम्मी ओळ दोरी लावून बंद करू? "त्याला जनरल बॉडी लागेल." जनरल बॉडी कधी? "सप्टेंबरमध्ये." सप्टेंबरमध्ये!! तेव्हा पाऊस असेल हो, साहेब! चेअरमनकाका शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "दुपारी मुलींचा आवाज फार येतो. आमचं वय झालं." काकांचा मान ठेवून सांगतो, त्यांच्या गाडीचा रिव्हर्स हॉर्न सकाळी पावणेसहाला सात मजले उठवतो, आणि तो हॉर्न गाणं म्हणतो.

मी वकील नाही, पण चिडलेला बाप रात्री एक वाजता काहीही वाचतो. बिल्डरला इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येत नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलंय. सामाईक! सामाईक म्हणजे कुणाची? ज्याला चाकं आहेत त्याचीच? १९९२ मध्ये आपल्या देशाने बालहक्कांचा करार मान्य केला, त्यात ३१ वं कलम मुलांच्या विश्रांतीचं आणि खेळण्याचं आहे. हे मी सेक्रेटरींना पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला. खरं सांगायचं तर बाय-लॉजमध्ये पार्किंग फक्त वाहनांसाठी असं लिहिलेलं आहेच, त्यामुळे कागदावर ते बरोबर आणि मी चूक. ठीक आहे. मग वरच्या गार्डनवर शेड टाका की, हिरवं नेट तरी बांधा, चार बांबू आणि एक जाळी! "इमारतीचा लुक जातो." लुक म्हणे.

बरं, संध्याकाळी खेळवा म्हणतात. संध्याकाळी पोडियमवर कोण असतं? चालणारे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे गोल गोल, कानात बोंडं घालून. सायकल आणली की "इथे चालतो आम्ही". चेंडू आणला की "काचा फुटतील". पळापळी केली की "अरे हळू". दोऱ्या आणल्या तर पाय अडकतात म्हणे. आणि हेच लोक, अगदी हेच, गणपतीच्या कार्यक्रमात माइक हातात आला की गळा काढतात, "आजकालची मुलं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत हो! आमच्या वेळी आम्ही दिवसभर उंडारायचो." उंडारायचात ना? कुठे उंडारायचात? वाड्याच्या बोळात, चिंचेखाली, दुसऱ्याच्या ओसरीवर. आणि तुमच्या त्या चिंचेखाली आज कोण उभं आहे? तुमचीच गाडी!

सगळ्यात वाईट म्हणजे काल संध्याकाळी मी स्वतः मोठीच्या हातात मोबाईल दिला. कॉल सुरू होत होता, ती रडवेली झाली होती, मी दिला. दोन तास ती हलली नाही. घरात एवढी शांतता होती की खालच्या बोक्याची आठवण झाली. कुणाची तक्रार आली नाही, इंटरकॉम वाजला नाही, आदर्श नागरिक झाली माझी पोरगी एका दिवसात.

वॉचमनमामांवर माझा राग नाही, ते सकाळी भेटले तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "मांजर छान काढलं होतं ओ ताईनं." त्यांना दिसलं होतं मांजर.

तर कमिटीतल्या ज्या कुणाच्या वाचनात हे येईल त्यांच्यासाठी. आज सकाळी आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन आलो. नवी डबी आणलीय, बारा रंगांची. धाकटीला यावेळी आठव्या घरात मांजर नकोय, हत्ती हवाय. दुपारी दीडला चटई घेऊन उतरतोय. पाईप तयार ठेवा, आणि टँकर एक जास्तीचा सांगून ठेवा, हत्ती मोठा आहे.