बुद्धांच्या नावावर खपणारी मनःशांती

कमळ, मावळता सूर्य, डोळे मिटलेली मूर्ती आणि खाली पाच ओळी. हा मेसेज तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. मन विचारशून्य करा. दुःख बाहेर नसतं, तुमच्याच विचारांत असतं. राग म्हणजे जळता निखारा, तो येऊच देऊ नका. कशात गुंतू नका, अलिप्त राहा. रोज दहा मिनिटं ध्यान केलं की गोळ्यांची गरज नाही, विज्ञानानेही ते सिद्ध केलंय. शेवटी नाव: भगवान बुद्ध.

आई जाऊन महिनाही न झालेल्या माझ्या एका मैत्रिणीला तो एका आठवड्यात तिघांनी पाठवला. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "म्हणजे मला रडू येतं, हीसुद्धा माझीच चूक." म्हणून लिहायला बसले.

आधी ते 'विचारशून्य'. अशा ध्यानाला हल्ली माइंडफुलनेस म्हणतात, आणि तो शब्द ज्या पाली शब्दासाठी वापरतात तो 'सति', म्हणजे संस्कृतातली स्मृती. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ जातं ते 'भान'. आणि भान रिकामं नसतं, ते कशाचं तरी असतं. मज्झिमनिकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातल्या सतिपट्ठान सुत्तात (सुत्त म्हणजे एक उपदेश) काया, वेदना, चित्त आणि धम्म अशा चार गोष्टींकडे पाहायला सांगितलंय. चित्तात द्वेष असेल तर 'हे द्वेष असलेलं चित्त' असं भिक्षू जाणतो, विखुरलेलं असेल तर विखुरलेलं म्हणून जाणतो. क्रियापद आहे 'पजानाति', जाणतो. पुसून टाकतो असं तिथे म्हटलेलं नाही.

समजा वरिष्ठांनी चारचौघांत झापलंय. रात्रीचे साडेअकरा, दिवा बंद, आणि तुम्ही मनातल्या मनात त्यांना चौथ्यांदा उत्तर देताय, दर वेळी जास्त धारदार. दात आवळलेले, कान तापलेले. 'राग आलाय आणि तो जबड्यात बसलाय' एवढं ध्यानात येणं ही सति. तेवढ्याने राग जाईलच असं नाही. (मला तर बऱ्याचदा पाचवं उत्तर सुचतं.)

मग असे विचार पिच्छा सोडत नसतील तर? त्याच निकायातल्या वितक्कसण्ठान सुत्तात त्यावर पाच उपाय आहेत. सुतार जाड खुंटी बारीक खुंटीने ठोकून काढतो, तसा एका विचाराच्या जागी दुसरा आणायचा. नाही जमलं तर त्या विचाराचे तोटे बघायचे. नाहीतर त्याकडे लक्षच द्यायचं नाही. चौथ्या उपायाचा दृष्टान्त मला फार आवडतो: एक माणूस भरभर चालतोय, त्याला वाटतं, इतकी घाई कशाला? तो हळू चालतो, मग उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो. एवढं करूनही भागलं नाही तर दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून मनानेच मनाला दाबायचं. चांगलीच झटापट आहे ही.

निखाऱ्याचं फारसं लांबवत नाही. तो दृष्टान्त बुद्धघोष या भाष्यकारांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथातला, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातला, बुद्धांचा नाही. दुसऱ्याला मारायला जो निखारा किंवा विष्ठा हातात घेतो, तो आधी स्वतःच भाजतो नाहीतर घाण होतो, असं तिथे आहे. विष्ठा त्या कमळाशेजारी शोभली नसती. आणि बोलणं आहे ते राग हातात धरून ठेवण्याबद्दल, तो येण्याबद्दल नाही.

'दुःख तुमच्याच विचारांत' हा मुद्दा मात्र मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण तो सोसणाऱ्यालाच आरोपी करतो. संयुत्तनिकाय या उपदेशांच्या दुसऱ्या संग्रहात शिवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धांना विचारतो: माणसाच्या वाट्याला येणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच असतं असं काही जण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, हे तिन्ही मिळून, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेली इजा. कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ, येतो तो आठवा. सगळं एकाच कारणावर ढकलणारे चुकतात, असं ते स्पष्ट सांगतात. आपल्या मेसेजने फक्त 'कर्म' काढून तिथे 'विचार' बसवलाय.

त्याच संग्रहातला दोन बाणांचा दृष्टान्तही हल्ली याच कामाला जुंपतात. त्यात पहिला बाण शरीराच्या वेदनेचा आणि दुसरा त्यावर मनाने केलेल्या आक्रोशाचा. अभ्यास दुसऱ्यासाठी आहे. पहिला शिकलेल्या श्रावकालाही लागतोच, तो काही त्याने कल्पनेने मारून घेतलेला नसतो.

अलिप्ततेच्या बाबतीत आपली भाषाच घात करते. पालीतली 'उपेक्खा' म्हणजे समतोल. मराठीत 'उपेक्षा' म्हणजे दुर्लक्ष. उपेक्खा येते मैत्री, करुणा आणि मुदिता (दुसऱ्याच्या सुखातला आनंद) यांच्या पंगतीत. अज्ञानातून आलेल्या कोरडेपणाला बुद्धघोष उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणतात, कारण तो तिच्यासारखाच दिसतो. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोन पट्टशिष्य गेल्यावर खुद्द बुद्ध म्हणाले होते, ही सभा मला रिकामी वाटते. तथागताला शोक नाही हेही त्याच सुत्तात आहे, पण रिकामेपण लपवलेलं नाही. हे मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रिकामी. हाच शब्द."

राहिल्या गोळ्या. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय केंद्रात माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला, तो रुग्णांच्या चालू उपचारांच्या जोडीला. २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, सुमारे साडेतीन हजार लोकांचा. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडाफार फायदा दिसला. औषधं, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. 'सिद्ध' झालंय ते एवढंच. काहींना ध्यानाचा त्रासही होतो, भीती वाढते, झोप उडते. त्यामुळे चालू गोळ्या बंद करायच्या की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, मेसेज वाचून नाही.

आणि बुद्धांचंच प्रमाण हवं असेल तर विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, औषधांवर आख्खा एक खंधक (प्रकरण) आहे. तिथेच पुढे एका आजारी भिक्षूची गोष्ट येते. पोट बिघडून तो आपल्याच घाणीत पडलाय, आणि हा आपल्या काही कामाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नाही. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद धुतो. मग एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून उचलून ते त्याला खाटेवर निजवतात.