अल्फा आणतात त्या पापण्या, मनातलं चित्र नव्हे

‘डोळे मिटून हवं ते चित्र मनात आणा, मेंदू अल्फात जातो. आणखी खोल गेलात की थीटात. तिथे मेंदूला खरं आणि कल्पनेतलं यातला फरक कळत नाही. ईईजीवर सिद्ध झालंय.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय आणि लोक त्यावर पैसे घालवतायत.

आधी अल्फा. ईईजी म्हणजे डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून काढलेला मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, आणि अल्फा, थीटा ही त्यातल्या लहरींची नावं. सेकंदाला 8 ते 13 आवर्तनांच्या या लहरीबद्दल जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1929 मध्येच लिहिलं होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला ती सर्वांत ठळक असते. ईईजी काढताना तंत्रज्ञ ‘डोळे मिटा’ म्हणतो आणि बहुतेकांत लगेच ती उमटते. ‘उघडा’ म्हटलं की विरते. मनात चित्र असो वा नसो. उलट मिटल्या डोळ्यांनी आजोळचा दरवाजा आठवून कडी कुठल्या बाजूला होती हे बघू लागलात, तर अनेकांत मागचा अल्फा उतरतो. काही प्रयोगांत तो वाढलेलाही दिसतो, म्हणून नुसत्या चढउतारावरून चित्राबद्दल काही सांगता येत नाही.

थीटा म्हणजे 4 ते 7 आवर्तनं. डोळे मिटून पडलेल्या माणसाचा अल्फा तुटून थीटा दिसू लागला, तर बहुधा त्याला डुलकी लागतेय.

फरक कळत नाही? उजवी मूठ वळण्याची नुसती कल्पना केली तरी डोक्याच्या डाव्या बाजूला सी3 या इलेक्ट्रोडच्या जागेवरची म्यू लहर (हालचालीशी जोडलेली, अल्फाच्याच वेगाची लहर) दबते, प्रत्यक्ष वळताना दबते तशीच. मेंदूच्या लहरींवर संगणक चालवणाऱ्या काही जोडण्या यावरच उभ्या आहेत. साम्य आहे, पण मूठ वळत नाही! हुकूम स्नायूंपर्यंत जाऊ न देणाराही मेंदूच.

कपाळाला बांधायच्या ईईजी-पट्टीवरच्या आलेखाचं काय? पापणी लवली की तिथे 100 मायक्रोव्होल्ट किंवा जास्तीचा झटका येतो. अल्फा साधारण 20 ते 50 चा. कपाळाला आठी पडली, दात आवळले, तर स्नायूंची खरखर बीटा-गॅमा या वेगवान लहरी म्हणून मोजली जाते.

तपासायचंच असेल तर केस धुऊन, तेल न लावता बसा. तेलाने त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विजेचा रोध वाढतो, तो 5 किलोओहमच्या आत हवा. इलेक्ट्रोड ओ1, ओ2 वर, म्हणजे डोक्याच्या मागे डावी-उजवीकडे, लावा. मिटलेले डोळे आणि रिकामं मन, मिटलेले डोळे आणि चित्र, असे 30-30 सेकंदांचे प्रत्येकी 10 तुकडे, क्रम उलटसुलट करून घ्या, नाहीतर शेवटच्या तुकड्यांत झोपच मोजली जाईल. झटक्यांचे भाग वगळा. तुलना या दोघांचीच करा. उघड्या डोळ्यांशी केलीत तर पुन्हा पापण्याच मोजाल.