हरवलेली रिळं

गेल्या आठवड्यात आमच्या साताऱ्याच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी ‘सावकारी पाश’चा फोटो टाकला. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट, गोष्ट कोरेगावच्या ना. ह. आपट्यांची, तरुण शेतकरी झालेले शांताराम. त्यातली अंधारी झोपडी आणि रडणारं कुत्रं निर्माते जे. बी. एच. वाडियांच्या कायमचं लक्षात राहिलं. आता तो अशा आठवणींतच उरलाय. झालं, लगेच सुरू: आपल्या लोकांना कशाची किंमतच नाही. आणि मग मला उद्देशून, “तुमच्याकडे बघ, चिठोरंसुद्धा जपतात.”

मला हे ऐकवत नाही. बावीस वर्षं मेलबर्नला काढलीत, म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियन कवी बँजो पॅटरसनची ‘द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर’ ही कविता १८९० ची. पळालेल्या उमद्या शिंगराच्या मागे गेलेले भलेभले स्वार कड्याशी थबकतात, आणि डोंगरातला एक पोरगा किरकोळ तट्टू सरळ उतारावर घालतो. १९२० साली तिच्यावर मूकपट निघाला. तो हरवला. केली दरोडेखोरांवरचा १९०६ चा सिनेमा ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ तासाभराहून मोठा. उरली सतराएक मिनिटं, त्यातलाही काही भाग कचऱ्याच्या ढिगात मिळालेला. तेव्हाची नायट्रेटची, चटकन पेट घेणारी फिल्म इथल्या बॅलरॅट गावातही पेटते आणि पुण्यातही. बोलपट आल्यावर फिल्मवरच्या चांदीसाठी जुनी रिळं दोन्हीकडे मोडीत गेली.

कविता मात्र राहिली. पॅटरसन इथल्या दहा डॉलरच्या नोटेवर आहे. परवा लेकीचं भिंग घेऊन नोट खिडकीशी धरली, तर त्याच्या आसपास कवितेच्या ओळी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. लेकीने न बघताच पुढचं म्हणून दाखवलं. मला प्रतापगडच्या पायथ्याशी ऐकलेला शाहीर अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आठवला. गोंधळ्यांनी तो पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ ठेवला. किंमत नाही म्हणणाऱ्यांनी आधी हे मोजावं.

एक मात्र मान्य करते. केली गँगचे तुकडे इथे लोक शोधत राहिले, २००६ मध्येसुद्धा एक हाती लागला. आपण ‘गेलं’ म्हणून मोकळे होतो.

पण लागलं ते वेगळंच. ‘तुमच्याकडे’ हा शब्द. कंदी पेढ्याच्या वासाने अजून माझा घसा दाटतो, आणि मी ‘तुमची’ झाले? रागाच्या भरात उत्तर लिहिलं, “आमच्याकडेही सिनेमे हरवलेत!” मैत्रिणीने विचारलं, “आमच्याकडे म्हणजे कुठे गं?”

चार दिवस झाले. अजून उत्तर दिलेलं नाही.