सिक लीव्ह वाढली म्हणे!

आज सकाळी एचआरचा मेल आला. विषय, 'सिक लीव्हमधील चिंताजनक वाढ'. सोबत रंगीत आलेख आणि खाली प्रश्न: यामागची कारणं काय असावीत, टीम लीडनी कळवावं.

अहो, खिडकी उघडा! जानेवारी २०२२ चालू आहे, कोविडची तिसरी लाट आलीय. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर मजल्यावर एखादं दार बंद, कडीला डब्याची पिशवी लटकलेली. आणि हे एसीत बसून कारणं शोधतायत.

माझंच सांगते. ३ तारखेला रात्री घसा धरला, पहाटे १०२ ताप. मेडिकलमधून घरी कोविड तपासायचं किट आणवलं, आपल्या पुण्याच्याच मायलॅबचं, २५० रुपयांचं. दोन रेघा. या किटवर पॉझिटिव्ह आलात तर पुन्हा तपासणी नको, असं आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मे २०२१ मध्येच सांगितलंय. पण आमचं एचआर आयसीएमआरच्या वरचं! "मॅडम, आरटीपीसीआरचा रिपोर्ट अपलोड केल्याशिवाय सिस्टिम लीव्ह घेत नाही." म्हणजे तापात फणफणत लॅबच्या रांगेत उभं राहायचं, पुढच्या-मागच्यांना प्रसाद वाटायचा, मग घरी येऊन सिस्टिमची मनधरणी करायची. रिपोर्टला दोन दिवस लागले. तोवर माझ्या नावापुढे 'विनापरवाना गैरहजर'. बारा वर्षं नोकरी केल्याचं हे फळ!

वर साहेबांचा फोन. "माइल्डच आहे ना? मग पडल्या पडल्या जीएसटीचं ते रिटर्न, जीएसटीआर-वन, बघून टाका, ११ ही शेवटची तारीख आहे." पाहिलं. उशीला लॅपटॉप टेकवून, खोकत. ते दिवस सिक लीव्हमध्येच कापले, बरं का.

आता हिशोब. सरकार म्हणतं, किमान सात दिवस घरात वेगळं राहा. कंपनीची सिक लीव्ह वर्षाला सहा! दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यातली किरकोळ रजा आठ दिवसांची, पण ती तिमाहीनं जमा होणार. जानेवारीत हातात काय, कप्पाळ? मी उठले तर सासूबाई पडल्या. डिसेंबरात उघडलेली मुलाची शाळा पुन्हा बंद. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी हर्नियाचं ऑपरेशन दोन वर्षं ढकललं, कारण खाटा कोविडला होत्या. ते आत्ता करून घेतायत, तर तेही आलेखात. जेवणाच्या खुर्चीवर रात्री अकरापर्यंत बसून मोडलेल्या पाठींचं तर विचारूच नका.

आणि पूर्वी रजा कमी होत्या म्हणून छाती काय फुगवता? पूर्वी आम्ही क्रोसिन गिळून, नाक पुसत, त्या बंद काचेच्या डब्यात यायचो. एकाचा खोकला शुक्रवारपर्यंत अख्ख्या मजल्याचा व्हायचा, आणि अप्रेझलला त्याला 'कमिटमेंट' म्हणायचे. तेव्हाचे आजारी हजेरीत 'हजर' दिसायचे, एवढाच फरक. आता तापाचा माणूस घरी थांबतो, तर तो चिंताजनक!

मेलच्या शेवटी आणखी एक रत्न आहे. शुक्रवारी रात्री साडेआठला 'आरोग्य आणि ताणमुक्ती' वेबिनार. कॅमेरा चालू, हजेरी सक्तीची.

मी येत नाहीये. सहाच्या सहा संपल्यात, तेव्हा बिनपगारी टाका.