आधी बिल, मग धर्मादाय

मार्च महिन्यात चाकण-भोसरीकडच्या मोठ्या कंपन्यांत एकाच इमारतीत दोन उलटे कारभार चालतात. वरच्या मजल्यावर सीएसआरवाल्यांची (कंपनीचा समाजकार्याचा खर्च बघणाऱ्यांची) धावपळ, कारण वर्षाचा निधी ३१ तारखेच्या आत खर्ची पडला पाहिजे. मग झेडपीच्या शाळेला बाक, ग्रामपंचायतीला आरओ प्लांट, दुभाजकावर झाडं आणि झाडांपेक्षा मोठी 'सौजन्य'ची पाटी. खालच्या मजल्यावर अकाउंट्स. तिथे व्हेंडरने, म्हणजे माल पुरवणाऱ्याने, फोन केला की उत्तर ठरलेलं: "क्लोजिंग चालू आहे, एप्रिलमध्ये बघू."

मी खालच्या मजल्यावर फोन करणाऱ्यांपैकी आहे. भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, टर्निंग-मिलिंगची कामं करतो. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही, कारण माल अजून तिकडेच जातो. मागे तिच्या एमडींचा पेपरात फोटो आला होता, एका शाळेला डिजिटल वर्ग दिल्याचा. मुलं हसतायत, साहेब हसतायत, मोठ्ठा पुठ्ठ्याचा चेक. त्या वेळी आमची बिलं तीन महिन्यांवर गेली होती. फोन केला तर परचेसचा पोरगा म्हणाला, "काका, तुमचा जीआरएनच पडला नाहीये." जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची कंपनीची नोंद. म्हणजे माल गेटमधून आत गेला, लाईनवर लागला, गाडीत बसून शोरूमलाही पोचला असेल, पण कागदावर अजून 'आलेला' नाही. जीआरएन नाही म्हणून दिवस मोजायला सुरुवात नाही.

इकडे आम्ही बिल काढलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. पोरांचा पगार सात तारखेला. बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट कर्जावर) व्याज चालूच. आमचं अडकलं की हीट ट्रीटमेंटवाल्याचं अडकतं, त्याचं अडकलं की टेम्पोवाल्याचं. वरच्याला खेळतं भांडवल फुकटात मिळतं ते असं, खालच्यांच्या ओव्हरड्राफ्टवर.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात स्वच्छ लिहिलंय: लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येणार नाही, करार नसेल तर १५ दिवस. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचला तोच स्वीकारल्याचा दिवस. (जीआरएनच्या खेळाला कायद्यात जागाच नाही.) उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. ते आजवर कोणी मागितलेलं मी पाहिलं नाही. मागणाऱ्याचा व्हेंडर कोड दुसऱ्या दिवशी ब्लॉक होतो, हे एमआयडीसीत शेंबडं पोरही सांगेल. मग आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. त्यावर काही साहेबांना सुचलेली युक्ती काय, तर व्हेंडरलाच गोड बोलून विचारायचं, "उद्यम नोंदणी रद्द करता का?" म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंदच काढून टाकायची.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनी किती चांगली हे दानाच्या आकड्यावरून ठरवणं आपण थांबवावं. आधी तिची देणी बघावीत.

सीएसआर ही मुळात दानत नव्हेच. कंपनी कायद्याचं कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करणं भाग आहे. पूर्वी खर्च केला नाही तर अहवालात कारण लिहून सुटका व्हायची. २०२१ पासून उरलेले पैसे ठरलेल्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरावे लागतात, नाहीतर दंड. आपण प्रोफेशनल टॅक्स भरतो म्हणून कोणी आपल्या गळ्यात हार घालत नाही. इथे मात्र लगेच 'दानशूर कर्ण', शाल, श्रीफळ.

शिवाय पैसा कोणाचा? कंपनीचा, म्हणजे भागधारकांचा. फोटो साहेबांचा. आणि निधी जातो तो ट्रस्ट बहुतेकदा कंपनीनेच काढलेला, ज्याच्या अध्यक्षस्थानी साहेबांच्या सौभाग्यवती. नोंदणी वगैरे असली की हे सगळं कायदेशीर आहे. पण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं ते हेच.

खिशातून देणारे वेगळे. अझीम प्रेमजींची विप्रो १९४५ मध्ये आपल्या अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली. २०१९ पर्यंत त्यांनी विप्रोच्या ६७ टक्के भागांचा आर्थिक लाभ फाउंडेशनला देऊन टाकला होता, एकूण देणगी १.४५ लाख कोटींच्या घरात. टाटा सन्सचे ६६ टक्के भाग ट्रस्टांकडे आहेत. पुण्यातल्याच थरमॅक्सच्या अनु आगांनी २००४ मध्ये अध्यक्षपद सोडलं आणि नंतरची वर्षं शिक्षणाच्या कामात घातली. इथे माणसाने स्वतःचं काहीतरी कमी करून घेतलंय. म्हणून या कंपन्यांचा व्यवहार तपासायचा नाही असं नाही, तो सगळ्यांचा तपासावा. पण दान म्हणायचं तर याला.

"अहो, निदान देतात तरी! मुलांना बाक मिळाले ना?" हा प्रश्न दर वेळी येतो, आणि तो फालतू नाही. पुणेकरांनी तर याचा विचार दीडशे वर्षांपूर्वीच करायला हवा होता. ससून हॉस्पिटल ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं ते डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले, लाल देवळाच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) आवारात त्यांची कबर आहे. बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे पैसा होता सर जमशेटजी जीजीभाईंचा. दोघांच्याही संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता. आता ससून पाडायचं का? मुळीच नाही. सोलापूर-साताऱ्याहून आलेली माणसं आजही तिथल्या व्हरांड्यात पथारी टाकून असतात, त्यांना दुसरं दार नाही. पण पुण्यातल्या रुग्णाला हॉस्पिटल मिळालं म्हणून कँटनमधल्या अफूबाजाच्या बायकापोरांचं काय भरून निघालं? ज्याला मिळतं तो एक आणि ज्याचं जातं तो दुसराच. पाटी लागते पहिल्याच्या दारात, दुसऱ्याची कुठे नोंदही नाही.

आमच्या धंद्यात आकडे लहान आहेत, हिशोब तोच. बाक शाळेतल्या मुलांना, आणि उशिरा झालेला पगार आमच्या टर्नरला. कंत्राटी पोरांचं तर बोलायलाच नको. तेच मशीन, तीच शिफ्ट, शेजारच्या पर्मनंट माणसाच्या निम्म्याहून कमी हातात, आणि वर्ष भरायच्या आत कामावरून ब्रेक. त्यांच्या कंत्राटदाराचं बिलसुद्धा त्याच अकाउंट्समध्ये पडून असतं. वर पुन्हा आठवड्याला ७० तास काम करा, ९० तास करा असे सल्ले देणारे मोठे साहेब. तासांचं नंतर बघू, आधी झालेल्या कामाचे पैसे सोडा.

बरं, हे तपासणं अवघड नाही. लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर असतो. त्यात सीएसआरचं परिशिष्ट असतं, रंगीत फोटोंसकट. तेच वाचून बहुतेक पुरस्कार समित्या उठतात. मागे ताळेबंदाच्या टिपांत 'ट्रेड पेएबल्स' (व्हेंडरांची देणी) नावाचा भाग असतो, बारीक टायपात, फोटो नाहीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं किती देणं वर्षअखेर थकलंय, त्यावर किती व्याज लागू होतं आणि किती दिलं, हे तिथे छापावंच लागतं. किती जुनं देणं किती, याचा तक्ताही असतो. ही दोन पानं शेजारी ठेवून वाचा. काही ठिकाणी व्याजाच्या रकान्यात चक्क शून्य दिसेल, तेव्हा एखाद्या ओळखीच्या व्हेंडरला विचारा की खरं काय.

उद्योगरत्न-उद्योगभूषण वाटणाऱ्या आपल्या शहरातल्या संस्थांनी एवढं एक पान मागितलं तरी पुरे. आणि तुमच्याकडे शेअर असतील तर एजीएममध्ये, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेत, विचारा. ती साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये होते, बऱ्याच कंपन्यांची आता ऑनलाइनच असते, आणि बोलायला नाव नोंदवायचं तर आधी एक मेल करावा लागतो. मी आमच्या गिऱ्हाईक नसलेल्या एका कंपनीचे थोडे शेअर त्यासाठीच घेऊन ठेवलेत. प्रश्न लिहून तयार आहे, उत्तर आलं की इथेच टाकतो.